लाँचचं तेल

पहिला हिसका बसला तेव्हा जमालला वाटलं, चाकाखाली दगड आला. पूर्णगडचा चढ होताच तसा. जांभ्याचे सुळे रस्त्यातून वर आलेले, मे महिन्याच्या उन्हात तापून लाल झालेले. दुसरा हिसका खालून नाही, आतून आला. बॉनेटच्या आत कुणीतरी घण घालत होतं. एक. मग थांबून आणखी एक. मग धडाधड. त्यानं आरशात पाहिलं तर मागचा रस्ता दिसेना. सगळा पांढरा धूर, आणि त्या धुरापुढं मागच्या सीटवर शमीम, त्याची धाकटी बहीण, मांडीवर गाठोडं घेऊन बसलेली. गाडी कशीबशी चढ संपवून सड्यावर, वरच्या उघड्या कातळावर, आली आणि तिथं तिनं अंग टाकलं.

सड्यावर दुपारी एवढी शांतता असते की आपलंच रक्त आपल्याला ऐकू येतं. जमालच्या हाताला मारायला काहीतरी हवं होतं. त्यानं स्टिअरिंगवर मूठ हाणली, मग दारावर, मग पुन्हा स्टिअरिंगवर. मागं शमीमनं गाठोडं छातीशी ओढलं. मुद्दाम नाही. मुठीचा आवाज झाला की तिचे हात आपोआप वर येत होते. ते त्यानं आरशात पाहिलं आणि मूठ उघडली.

मग वास आला. जड, चिकट, बंदरावरचा. इतका वेळ हा वास कुठं होता? डबा टाकीत ओतताना तो नाकाखालीच होता. पण नाकाखाली अत्तरही होतं. बासी ईदेला, ईदेच्या दुसऱ्या दिवशी, बहिणीच्या घरी आलेल्या भावाचं जसं व्हायचं तसं सगळं झालं होतं. जैनुद्दीननं, शमीमच्या नवऱ्यानं, उंबऱ्यातच तीनदा गळाभेट घेतली. मनगटांवर अत्तर चोळलं, बोटाला उरलेलं जमालच्या मिशीला पुसलं, आणि कापसाचा फाया हिन्यात भिजवून स्वतःच्या हातानं त्याच्या कानात बसवला. पाहुण्याचा कान सुका ठेवायचा नाय, म्हणाला, आणि ओटीवरची माणसं हसली. तेव्हापासून सगळ्याला हिना. शेवयांना हिना, पाण्याला हिना. डब्यालाही. जमालनं फाया उपटून फेकला, खाली उतरून टाकीचं झाकण काढलं आणि नाक लावलं. डिझेल. जैनुद्दीनच्या लाँचचं तेल. पेट्रोलच्या गाडीला त्यानं बोटीचं तेल पाजलं होतं.

चुकीचं तेल गेलं तर

पहिलं: इंजिनाला हात लावायचा नाही. टाकीत गेलंय ते टाकीत आहे, अजून काही बिघडलेलं नाही. तू फिरवलंस की बिघडलं.

(हे केरू मेस्त्रीनं शिकवलं होतं, रत्नागिरीच्या मोटार अड्ड्यावर. प्रत्येक गोष्टीबरोबर एक थप्पड, लक्षात राहावी म्हणून. राहिली. आता गोष्ट आठवली की आधी गाल आठवतो.)

पण इंजिन फिरलं होतं. टाकीत आधीचं थोडं पेट्रोल होतं, त्याच्यावर गाडी मशिदीजवळून गेली, जाळी वाळत घातली होती तिथून गेली, बायका बाजूला झाल्या, कुणीतरी हात केला, त्यानंही केला. सगळं शहाण्यासारखं. बहिणीला पळवून नेणारा माणूस हात करत चालला होता. आणि मग चढावर ते दुसरं तेल आत शिरलं. पळवून? आपल्याच बहिणीला कुणी पळवून नेतं का? शब्द जैनुद्दीनचा होता. त्यानं अजून उच्चारला नव्हता, पण उच्चारणार होता, आणि जमालच्या डोक्यात तो आत्ताच त्याच्या आवाजात येऊन बसला होता.

डबा मांगरात ठेवायला जैनुद्दीननंच सांगितलं होतं. उन्हात ठेवू नका भाई, भडका व्हायचा. मांगर म्हणजे घराच्या मागची झावळ्यांची शेड, तिथं लाँचचे डबे भिंतीला लावून ठेवलेले, सगळे सारखे, चौकोनी, गंजलेल्या कडांचे. पूर्णगडात होडीवर इंजिन बसवलं ते जैनुद्दीननं पहिल्यांदा, आणि त्या इंजिनाबद्दल तो अशा मायेनं बोलायचा की जमालला कधीकधी त्याचा हेवा वाटे. जमालनं आपला पेट्रोलचा डबा त्या रांगेच्या टोकाला ठेवला. टोकालाच ठेवला ना? मग जेवण झालं, आणि शमीम पाणी घेऊन आली, वाकली, आणि ओढणी सरकली. कानाची पाळी नव्हती. म्हणजे होती, पण दोन झाल्या होत्या. मधे चीर, चिरीवर सुकलेलं काळं. बाळी कुणी काढली तर अशी होत नाही. बाळी ओढली तर होते. तांब्या देताना ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "भाई, मना ने." बस, एवढंच. जैनुद्दीन नमाजाला उठला, माणसं उठली, आणि जमालनं तिला सांगितलं, मागच्या दारानं ये. त्यानं मांगरातून डबा उचलला. त्याच्या डोळ्यांपुढं ती पाळी होती. त्या पाळीनं त्याला डबा दिसू दिला नाही. की जैनुद्दीननं हलवला होता? हलवला असला तर बरं. त्यानं मुद्दाम केलं असेल तर किती बरं होईल. जमालला मनापासून वाटत होतं की हे त्याचंच काम असावं, कारण मग जे हातात साठलं होतं त्याला जायला एक जागा होती.

दुसरं: टाकी रिकामी कर. सगळी. थेंब ठेवायचा नाही.

तो गाडीखाली उताणा शिरला. जांभा सदऱ्यातून पाठीला भाजत होता. बोल्ट उन्हानं आवळला होता, पाना निसटला, बोटाची साल निघाली. मग बोल्ट एकदम सुटला आणि तेल कोपरावरून, छातीवरून, ईदेच्या सदऱ्यावरून वाहत गेलं. तो हलला नाही. गाडीच्या खालून त्याला शमीमचे पाय दिसत होते. ती उतरून गाडीच्या सावलीत बसली होती आणि न विचारता सांगत होती. ती सांगत होती अगदी साध्या आवाजात, रत्नागिरीच्या बाजारात काय भाव चाललाय ते सांगावं तशी. पहिल्यांदा मारलं ते माशात काटा राहिला म्हणून. नंतर कारण लागत नसे. मारून झालं की तो स्वतः हळद लावायला यायचा, तेव्हा फार गोड बोलायचा, तेव्हा तिला जास्त भीती वाटायची. लाँच बंद पडली त्या दिवशी पट्टा. बाळी ईदेच्या आदल्या दिवशी, चाँद दिसला म्हणून सगळे बाहेर ओरडत होते तेव्हा. तिचं ओरडणं त्यात गेलं. किती वेळ लागेल, तिनं विचारलं. जमालनं खालून सांगितलं, लागेल थोडा.

तेल गळत होतं. टप. टप. पट्टा आपण कधी वापरला नव्हता, असं जमालला आठवलं, आणि हे आपण का आठवतोय ते कळेना. रझियाला, आपल्या बायकोला, त्यानं पट्ट्यानं कधीच मारलं नव्हतं. हाताचं वेगळं. हातानं मारणं हे मारण्यात धरायचं नसतं, त्याच्या बापानं कधी धरलं नव्हतं, केरू मेस्त्रीनं नव्हतं. रझिया हसली होती. कशाला ते आता आठवत नाही. चूल पेटलेली होती, ती वळून त्याच्याकडे बघून हसली, आणि तिचं मनगट त्याच्या हातात आलं, आणि त्यानं ते मागं नेलं, थोडं अजून, थोडं अजून, तिचं हसू जाईपर्यंत. गेलं तेव्हा एक आवाज आला. वाळक्या करवंदीची फांदी पायाखाली येते तेवढाच. आणि त्या रात्री त्याला झोप किती छान लागली होती. हे तो कुणाला सांगू शकला नसता. मारल्यावर अंग हलकं होतं, डोकं धुतल्यासारखं स्वच्छ, माणूस सगळ्यांवर माया करायला मोकळा. जैनुद्दीन हळद घेऊन येत असेल तो याच हलकेपणानं येत असेल. जमालनं डोळे मिटले. डिझेल पापणीवर आलं आणि जळजळलं.

तिसरं: नळी सोड. तोंडानं फुंक. गिळू नकोस.

चौथं: कार्बेटर उघड, वाटी पूस. प्लग काढ. पुसून उन्हात ठेव.

त्यानं नळी तोंडात धरून फुंकली. तोंडभर लाँचची चव आली. थुंकला, परत फुंकली, परत थुंकला. प्लग काळे ओले झाले होते. ते ओळीनं कातळावर ठेवले तेव्हा शमीम त्यांच्याकडे बघत राहिली. त्यानं गाडी सुरू करायचं लोखंडी हँडल पुढून घालून रिकामं इंजिन फिरवलं, प्लगच्या भोकांतून पांढुरका फवारा उडाला. दम लागेपर्यंत फिरवलं. मेस्त्रीनं सांगितलेलं सगळं झालं. प्लग सुकले, परत बसले. आता फक्त पेट्रोल हवं होतं, आणि पेट्रोल खाली मांगरात होतं.

आपण चालत जाऊया, शमीम म्हणाली. जमालनं मान हलवली. गाडी त्याची नव्हती, रत्नागिरीच्या मालकाची होती, सड्यावर टाकून जाता येत नव्हती. हे त्यानं तिला सांगितलं. खरं एवढंच नव्हतं. त्याला थांबायचं होतं. जैनुद्दीन येईल याची तो वाट बघत होता, माणूस जेवणाची बघतो तशी.

तो पाखाडीनं आला. चढाचा रस्ता वळसा घेऊन वर येतो, पाखाडीच्या पायऱ्या सरळ येतात. आधी त्याची जरीची टोपी दिसली, मग चेहरा, मग खांद्यावरचा डबा. एकटा. बरोबर एकही खलाशी नाही. पांढरा झब्बा घामानं अंगाला चिकटलेला. डबा त्यानं हळूच खाली ठेवला, कंबर सरळ केली आणि हसला.

"तुमचा डबा ऱ्हायला, भाई," तो म्हणाला. "माज्या लाँचचं तेल मोटारीला पाजलंत. आता ती दर्यात जायाची म्हणेल."

जमालला हसू आलं. हेच त्याला नंतर सहन होणार नव्हतं, की त्याला त्या वेळी खरंच हसू आलं. जैनुद्दीन शमीमकडे बघतही नव्हता. त्यानं नरसाळं उचललं, झब्ब्याच्या टोकानं पुसलं आणि टाकीच्या तोंडात धरून उभा राहिला. ओता, म्हणाला. जमालनं ओतलं. दोघांची डोकी जवळ आली. जैनुद्दीनचे हात त्याच्या नाकासमोर होते, रुंद, नखांत काळं गेलेलं, दोरानं कापलेले. जमालच्याही नखांत काळं होतं. ओतता ओतता जैनुद्दीन बोलत होता, अगदी हळू, समजूत घालावी तसं. घरात भांडी वाजतात. ईदेचे दिवस आहेत. लोक काय म्हणतील, बायको पळवून नेली म्हणतील. मुलीच्या जातीला माहेरची ओढ असते, चार दिवस राहू दे, पण असं मागच्या दारानं नको, पुढच्या दारानं घेऊन जा, मी स्वतः गाडीपर्यंत पोचवीन. तो इतकं शहाण्यासारखं बोलत होता की जमालला वाटलं, आपण मान डोलावतोय. डबा रिकामा झाला. त्यानं झाकण बसवलं. आता हँडल मारलं की निघायचं. शमीमला बस म्हणायचं आणि निघायचं. जैनुद्दीन अडवणार नव्हता. अडवायला तो आलाच नव्हता.

"तुमी तुमच्या घरात काय करता ते मी इचारतो काय?" जैनुद्दीन नरसाळं झटकत म्हणाला. मग खरोखरच काळजीनं: "रझियाभाबीचा हात बरा झाला?"

हँडल जमालच्या हातात होतं. पहिला घाव खांद्यावर बसला. जैनुद्दीनच्या तोंडावर नुसतं आश्चर्य होतं, ओळखीच्या माणसानं भर बाजारात तोंड फिरवावं तसं. त्यानं हात वर केला आणि दुसरा घाव त्या हातावर. तिसरा गुडघ्यावर. फांदी मोडली. हा आवाज जमालच्या ओळखीचा होता आणि तो ऐकल्यावर त्याला थांबता आलं असतं, पण आतलं काहीतरी पेटून नीट चालू झालं होतं, खडखड नाही, धूर नाही, एका लयीत. पाय. कंबर. पुन्हा तोच पाय. तो शमीमच्या कानासाठी मारत होता. शमीमच्या कानासाठी, असं तो मनात म्हणत होता, आणि डोळ्यांपुढं कान येत नव्हता. डोळ्यांपुढं चुलीच्या उजेडात वळलेलं एक हसू येत होतं, आणि ते या माणसाला माहीत होतं, अख्ख्या पूर्णगडला माहीत होतं, ओटीवर हसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. जैनुद्दीन आता कातळावरून सरपटत होता, डिझेलच्या थारोळ्यातून, पांढरा झब्बा काळा होत चाललेला, आणि तोंडानं एकच शब्द म्हणत होता, भाई, भाई. जमालच्या अंगाला हलकेपणा यायला लागला. येत होता, अगदी आला होता.

"बस," शमीम म्हणाली.

तिनं ओरडून म्हटलं नव्हतं. तो वळला. ती दोन हात अंतरावर उभी होती आणि तिचे दोन्ही हात वर आले होते, तोंडापुढं, कोपरं जुळवलेली. ती त्याच्यापासून तोंड वाचवत होती. त्याच्यापासून. त्यानं हँडल खाली केलं. तिचे हात तरीही खाली आले नाहीत. त्यानं हँडल जमिनीवर ठेवलं तेव्हा कुठं एक एक करून आले.

जैनुद्दीन जिवंत होता, दात आवळून श्वास घेत होता. गुडघ्याखालचा पाय भलतीकडे वळला होता. शमीमनं त्याच्याकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं, जवळ जाऊन बसली नाही. तिच्या चेहऱ्यावर दया नव्हती आणि समाधानही नव्हतं. हिशेब न जुळणाऱ्या माणसासारखी ती दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. मग तिनं गाडीचं मागचं दार उघडलं.

"ह्याला आत घाल," ती म्हणाली. "रत्नागिरीस दवाखान्यात ने."

दोघांनी मिळून त्याला उचललं. तिनं पाय धरले, तांदळाचं पोतं धरावं तसे, जपून आणि परक्यासारखे. जैनुद्दीन किंचाळला. जमालनं हँडल झब्ब्याच्या फाटक्या तुकड्याला पुसलं, पुढं जाऊन घातलं, फिरवलं. दोनदा काही नाही. तिसऱ्यांदा गाडीनं खोकून पांढरा धूर सोडला, थरथरली, आणि लागली. थोड्या वेळानं धूरही थांबला. इतकं नीट इंजिन त्यानं कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. त्यानं पुढचं दार शमीमसाठी उघडून धरलं.

तिनं गाठोडं कमरेवर घेतलं होतं.

"मी चालत जातंय. पावस गावात साबेराखाला हाय."

मावशीचं घर लांब, उन्हाची, एकटी, असं काहीतरी तो बोलला. तिकडे तिनं लक्ष दिलं नाही. ती त्याच्या हातांकडे बघत होती, तो ते मागं घेऊ पाहत होता.

"भाई," ती म्हणाली, "भाबीला न्यायला कोन येईल? तिचा भाई तर आफ्रिकेत."

उत्तरासाठी ती थांबली नाही. पाठ फिरवून चालायला लागली, रस्त्याच्या मधोमध, चपला हातात घेऊन, तापलेल्या जांभ्यावरून, पाय भाजत नसल्यासारखी. तो उघड्या दाराशी उभा राहिला. तिला ओढून गाडीत घालता आलं असतं. मनगट धरलं की पुरे. हात पुढं झालाही. मग मागून जैनुद्दीन कण्हला आणि जमालनं दार लावलं.

गाडी तिच्या मागून निघाली. काही अंतर तो तिच्या मागं, पहिल्या गिअरमध्ये, तिच्या चालीनं चालला. हॉर्न वाजवला नाही. तिला बाजूला व्हायचं नव्हतं आणि त्याला पुढं जायचं नव्हतं, आणि मागच्या सीटवरचा माणूस आडवा पडल्या पडल्या मान उचलून काचेतून तिलाच बघत होता. दोन पुरुष एका बाईची पाठ बघत होते. शेवटी करवंदीच्या जाळीपाशी तिनं रस्ता सोडला, कडेनं उभी राहिली, आणि गाडी जाऊ दिली. जाताना जमालनं तिच्याकडे पाहिलं. ती समुद्राच्या बाजूला बघत होती.

सडा संपला, काजूची झाडं सुरू झाली. प्रत्येक खड्ड्याला मागून श्वास आत ओढल्याचा आवाज यायचा. जमाल खड्डे चुकवायला लागला. हळू घेतोय ना, त्यानं विचारलं. हां, हां, जैनुद्दीन म्हणाला. पाणी हवं का, त्यानं विचारलं. नको. इंजिन एका सुरात चाललं होतं. जमालला कळलं की आपल्याला आता राग नाही, कसलाच नाही, आणि मागच्या माणसाबद्दल काहीतरी मायेसारखं वाटतंय, आणि त्यानं आरसा वळवून टाकला.

"भाई," जैनुद्दीन बऱ्याच वेळानं म्हणाला. आवाज पार बसला होता, पण समजूत घालणारा तोच होता. "डाक्टरानं इचारलं तर पाखाडीवर पडलो म्हनून सांगू. घरातली गोष्ट."

जमालनं गिअर बदलला. समोर उतार लागला होता.

"पायरी कुठली ते आधी ठरव," तो म्हणाला. "वरची की खालची. डॉक्टर विचारतो. मलाही विचारलं होतं."